घरगुती नेटवर्क साठवण यंत्राची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

छायाचित्रे, पत्रव्यवहार, मालमत्तेची कागदपत्रे, अभ्यासाची टिपणे हा कुटुंबाचा ठेवा गेल्या पंचवीस वर्षांत कपाटातून संगणकात आला. घरातील संगणक व मोबाइल फोन यांची संख्या वाढल्यावर हा ठेवा एका ठिकाणी राहून सर्वांना उपलब्ध व्हावा, अशी गरज निर्माण झाली. त्या गरजेतून घरगुती नेटवर्क साठवण यंत्र बाजारात आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘नॅस’ या नावाने ओळखले जाते. ते घेताना ग्राहक सामान्यतः क्षमता, किंमत व डिस्कची संख्या पाहतो. तथापि हे यंत्र ज्या कार्यालयांत जन्मले, तिथे त्याची राखण करणारा पगारी माणूस होता. घरात तो नसतो. निवडीच्या प्रश्नाचे मर्म या फरकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कार्यालयातील उगम

१९८४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ प्रचारात आणली. दूरच्या संगणकावरील फाइल आपल्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरण्याची सोय तिने केली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नेटअ‍ॅप कंपनीने फाइली पुरवणे एवढेच काम करणारी स्वतंत्र यंत्रे विकण्यास प्रारंभ केला. याच सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सांबा’ ही प्रणाली लिहिण्यास घेतली. युनिक्स जातीच्या संगणकावरील फाइली विंडोज संगणकांना पुरवणारी ही प्रणाली विनामूल्य होती. पुढे स्वस्त घरगुती यंत्रे घडली ती बव्हंशी लिनक्स व सांबा यांच्याच आधारावर.

दुसरा प्रवाह डिस्कच्या रचनेचा. १९८८ साली बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ ही संकल्पना शोधनिबंधाद्वारे मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, लहान डिस्क एकत्र वापराव्यात, हा त्यांचा मूळ विचार होता. डिस्क अनेक झाल्या की त्यांतील एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो. म्हणून काही जागा जादा माहितीसाठी राखून निकामी डिस्कची भरपाई करण्याची व्यवस्था त्यांनी सुचवली. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, हा तिचा हेतू. चुकून पुसलेली फाइल परत मिळवून देणे तिच्या कक्षेत कधीच नव्हते. दोन डिस्कचे यंत्र घेतले म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा घरोघरी दिसणारा समज या इतिहासाच्या विस्मरणातून आला आहे.

घराच्या उंबरठ्यावर

२००४ साली लिंक्सिस कंपनीचे एनएसएलयू२ हे छोटेखानी यंत्र आले. त्यात डिस्क नव्हती. ग्राहकाने ती बाहेरून जोडायची होती. हौशी तंत्रज्ञांनी त्यातील प्रणाली बदलून त्याला नाना कामांना जुंपले. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज होम सर्व्हर’ आणला. घरात सर्व्हर हा शब्दच तेव्हा अपरिचित होता. त्याच वर्षअखेरीस, एकाहून अधिक डिस्क असलेल्या यंत्रावर काही प्रोग्रॅममधून थेट फाइल संपादित केल्यास ती खराब होऊ शकते, असे कंपनीने जाहीर केले. दुरुस्ती २००८ च्या जुलैमध्ये मिळाली. मधले महिने ग्राहकाने सांभाळून वागावे, एवढाच उपाय होता.

सर्वांत बोलके उदाहरण वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’चे आहे. या यंत्राच्या प्रणालीत २०१५ नंतर सुधारणा झाली नाही. यंत्रे मात्र घरोघरी इंटरनेटला जोडलेलीच राहिली. जून २०२१ मध्ये जगभरच्या अनेक ग्राहकांना आपली यंत्रे रिकामी झाल्याचे आढळले. प्रणालीतील त्रुटींचा गैरफायदा घेऊन दुरून ती पुसली गेली होती. याच मालिकेतील ‘ड्युओ’ या यंत्रात दोन डिस्क असत. पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कना सारखीच लागू होते, त्यामुळे दुसऱ्या डिस्कचा आधार अशा वेळी उपयोगी पडत नाही. त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये, क्यूनॅप कंपनीच्या यंत्रांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा ‘क्यूलॉकर’ हल्ला झाला होता. डिस्क दोन्ही प्रकरणांत धडधाकट होत्या.

निवडीचे प्रश्न

तेव्हा पहिली चौकशी सुधारणा किती वर्षे मिळणार याची करावी लागते. विक्रेते याविषयी फारसे बोलत नाहीत. क्षमतेचा हिशेबही वरवर दिसतो तितका सरळ नाही. १२ टेराबाइटची निकामी डिस्क बदलल्यावर सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने नवी डिस्क भरण्यास सुमारे १७ तास लागतात, आणि तेवढा काळ उरलेल्या डिस्कवर ताण असतो. लिहिणे चालू असताना वीज गेल्यास डिस्कवरील माहितीचा परस्परमेळ बिघडू शकतो. भारनियमनाचा काळ अनुभवलेल्या महाराष्ट्रातील घरांना यूपीएसचे महत्त्व सांगावे लागू नये. तरीही यंत्राच्या अंदाजपत्रकात तो क्वचितच धरला जातो.

माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो. चार डिस्कच्या एका यंत्रापेक्षा दोन डिस्कचे यंत्र आणि नातेवाइकांकडे ठेवलेली एक वेगळी डिस्क हा पर्याय बहुतेक कुटुंबांना अधिक हिताचा ठरेल.

कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहण्याचा प्रश्नही उरतोच. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने २०२५ साली आपल्या काही नव्या यंत्रांत ठरावीक डिस्कचाच आग्रह धरला आणि टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये तो सैल केला. मात्र या कंपनीच्या यंत्रातील डिस्क सर्वसाधारण लिनक्स संगणकाला जोडून वाचता येतात व त्याची रीत कंपनीनेच प्रसिद्ध केली आहे. यंत्र बंद पडले आणि कंपनीही उरली नाही, तर डिस्कवरील माहिती कोणत्या मार्गाने बाहेर काढता येईल, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे लागते. आणि त्याचे उत्तर, पासवर्डसह, घरातील किमान दोन व्यक्तींना ठाऊक असावे लागते.