जुना खेळ आणि नवें यंत्र

ग्रंथ जुना झाला तरी डोळ्यांपुढें धरला कीं वाचतां येतो. संगणकावरील खेळाचें तसें नाहीं. तो ज्या यंत्रासाठीं रचला तें यंत्र गेलें, कीं खेळ शाबूत असूनहि मुका होतो. मोडी वाचणारा न उरलेल्या घरांतील दप्तरासारखी त्याची अवस्था होते.

‘अल्टिमा’ मालेंतील सातव्या खेळाची गोष्ट अशीच आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथें रिचर्ड गॅरियट यांच्या ‘ओरिजिन’ कंपनीनें तो १९९२ सालीं काढला. खेळणारानें कथेंतील एका पात्राची भूमिका घेऊन ब्रिटानिया नांवाच्या कल्पित देशांत संचार करावयाचा, अशी या खेळांची जात. त्या पात्राला ‘अवतार’ म्हणतात; हा शब्द गॅरियट यांनीं १९८५ सालच्या चौथ्या खेळांत हिंदु कल्पनेवरूनच उचलला होता. सातव्याचा आरंभ तबेल्यांतील एका खुनानें होतो, पण त्याची खरी मौज अन्यत्र आहे. गांवांतील माणसें सकाळीं कामाला लागतात, रात्रीं निजतात. खेळणाराला पीठ मळून भट्टींत पाव भाजतां येतो.

एवढा संसार त्या काळच्या संगणकांत मावेना. डॉस प्रणालींत कार्यक्रमांना सहज वापरतां येणारी स्मृति अवघी ६४० किलोबाइट. ही मर्यादा ओलांडण्यासाठीं ओरिजिनच्या कारागिरांनीं ‘वूडू’ नांवाची स्वतःची युक्ति योजिली, आणि तिचें स्मृतीच्या इतर व्यवस्थापकांशीं हाडवैर जडलें. त्या एका खेळापुरती निराळी फ्लॉपी तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करण्याचा उपद्व्याप खेळ नवा असतांनाहि पुष्कळांना करावा लागे! पुढें यंत्रें वेगवान झालीं, तशीं खेळांतील माणसें चालण्याऐवजीं धावूं लागलीं. नंतरच्या विंडोजवर तर खेळ सुरूच होईना. दुरुस्ती करणार कोण? ओरिजिन १९९२ मध्येंच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें विकत घेतली होती, आणि २००४ सालीं ती बंद झाली.

तोड निघाली ती बाहेरच्यांकडून, आणि दोन प्रकारांनीं. ‘डॉसबॉक्स’ हा २००२ सालापासूनचा कार्यक्रम नव्या संगणकाच्या पोटांत जुन्या संगणकाची नक्कल उभी करतो. वेगहि हवा तितका आवरतां येतो. खेळाला आपण परक्या घरीं आहों याचा पत्ताच लागत नाहीं. ‘एक्झल्ट’च्या स्वयंसेवकांनीं दुसरी वाट धरली. खेळ चालविणारी यंत्रणाच त्यांनीं नव्यानें लिहिली, आणि मूळचीं चित्रें, संवाद व नकाशे तिच्यावर चालविले.

डॉसबॉक्समध्यें मूळच्या चुकाहि जशाच्या तशा राहतात, म्हणून अभ्यासकानें त्याच्याकडेच जावें. एक्झल्टमध्यें पडदा मोठा होतो, अन्न काढावयास एक कळ पुरते. मूळ खेळांत भुकेल्या सोबत्यांसाठीं पिशव्या उचकटण्याचा त्रास होता, तो तेथें उरत नाहीं. परंतु एक्झल्टला नुसती सोय समजणें अन्यायाचें होईल. डॉसबॉक्स बंद पेटी जशीच्या तशी जपतो. एक्झल्टच्या कर्त्यांनीं ती उघडून आंतली रचना उलगडली, आणि आपलें लेखन कोणालाहि वाचतां येईल असें खुलें ठेवलें. मात्र एक्झल्ट मिळविल्यानें खेळ हातीं येत नाहीं. १९९२ सालच्या मूळ फाइली ज्याच्यापाशीं आहेत, त्यालाच तो चालवितां येतो.