निर्वासित छावणीत मन कसे सावरते? कॉक्स बाजारच्या रोहिंग्यांचे उदाहरण

निर्वासित म्हटले की आपल्याला ताडपत्रीच्या झोपड्या आणि धान्याच्या रांगा आठवतात. पण घरदार सोडून परक्या देशात आलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, हे फारसे कुणी विचारत नाही. बांगलादेशातील रोहिंग्या मुसलमानांच्या उदाहरणावरून आपण ते समजून घेऊ.

पार्श्वभूमी

रोहिंग्या हे म्यानमारच्या राखाइन प्रांतातले, म्हणजे जुन्या आराकानचे रहिवासी. १९८२ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९१-९२ मध्ये त्यांच्यावर बांगलादेशात पळून येण्याची वेळ आली होती. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. तिथली कुतुपालोंग ही जगातली सर्वांत मोठी निर्वासित वस्ती मानली जाते.

त्रास दोन प्रकारचा

पहिला त्रास मागच्या आठवणींचा: जळालेली गावे, डोळ्यांदेखत मारले गेलेले आप्त. दुसरा रोजचा. बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि छावणीबाहेर जाऊन कामधंदा करायला कायद्याने परवानगी नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात. मार्च २०२१ मध्ये मोठी आग लागून हजारो कुटुंबे पुन्हा उघड्यावर आली. २०२३ मध्ये निधी कमी पडला, तेव्हा माणशी महिन्याची अन्न-मदत १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आली. जुनी जखम भरत नाही तोच नवी काळजी उभी राहते. कमावता बाप हात बांधून बसला की त्याचा ताण सगळ्या घरावर येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, संघर्ष झालेल्या भागांत साधारण पाचातील एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो.

बोलायचे कसे?

आपल्याकडे जसे, तसेच तिथेही. मन आजारी आहे असे सहसा कुणी म्हणत नाही. डोके दुखते, अंगाची आग होते, झोप लागत नाही, असे सांगतात. ‘चिंता’ आणि ‘अशांती’ हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने त्यांच्या बोलीतही आहेत. लोक वेडा म्हणतील, या भीतीने बरेच जण गप्प राहतात.

आधार कुठून मिळतो?

• इबादत आणि जमात: नमाज, कुरआनचे पठण आणि दुवा यांनी दिवसाला एक शिस्त येते. बांबूच्या मशिदीत शेजारीपाजारी भेटतात, एकमेकांची खबरबात कळते.

• स्त्रियांसाठी जागा: ‘शांतीखाना’ नावाच्या केंद्रांत बायका एकत्र बसतात, मन मोकळे करतात. गरज असेल तिला समुपदेशन मिळते.

• गाणी आणि आठवणी: ‘तराना’ या गीतप्रकारातून सुटलेले गाव आणि पळून येण्याची कहाणी सांगितली जाते.

• मुलांचे शिक्षण: २०२१ च्या अखेरीपासून म्यानमारचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने शिकवला जाऊ लागला. एक दिवस परत जायचे आहे, ही आशा त्यात आहे.

• प्रशिक्षित स्वयंसेवक: छावणीतल्याच लोकांना मानसिक प्रथमोपचार शिकवला जातो. त्याची तीन कामे: परिस्थिती पाहणे, शांतपणे ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. ‘काय काय झाले ते सांगच’ असा आग्रह त्यात धरत नाहीत.

आपण काय लक्षात ठेवावे

सब्र ही मोठी ताकद आहे, पण ‘सब्र करा’ एवढे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. झोप उडालेल्या, खाणेपिणे सोडलेल्या किंवा जीव द्यायची भाषा करणाऱ्या माणसाला दुवेबरोबर डॉक्टरचीही गरज असते. छावणीत असो की आपल्या घरात, यात फरक नाही.

आणि समुपदेशनाने दिवस निभावतो, काळजीचे मूळ जात नाही. नागरिकत्व आणि सुरक्षित परतीची हमी मिळाल्याशिवाय रोहिंग्यांची अशांती पुरती शमणार नाही.