मामलेदाराचं न्यायासन

ठाण्यात ‘मामलेदार’ म्हटलं की आधी तर्रीची मिसळ आठवते. मिसळीला ते नाव शेजारच्या तहसील कचेरीवरून पडलं. अशा तालुका कचेऱ्यांमध्ये शंभराहून जास्त वर्षं एक न्यायालयही भरत आलं आहे. तिथे निकाल देणाऱ्याला कायद्याची पदवी लागत नाही.

दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आधी कायद्याची पदवी हवी. तहसीलदार, म्हणजेच आजचा मामलेदार, मात्र राज्यसेवा परीक्षेतून येतो आणि त्या परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. अव्वल कारकून, नायब तहसीलदार अशा पायऱ्या चढत आलेलेही त्या खुर्चीवर बसतात.

मामलेदाराकडे न्याय मागण्याची ही प्रथा पेशवाईपासूनची आहे. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात तेव्हाच्या न्यायपद्धतीचं वर्णन केलं आहे. तंटा आधी पाटलाकडे जाई, तिथे मिटला नाही तर मामलेदाराकडे, आणि तो पंचायत नेमून देई. ठाणे इंग्रजांनी 1774 मध्येच घेतलं होतं. कल्याणचा मुलूख 1817 च्या पुणे तहानंतर त्यांच्याकडे गेला. पंचायतीचं महत्त्व पुढे ओसरलं, पण मामलेदार टिकला. मुंबई इलाख्यात 1864 आणि 1876 मध्ये त्याच्या कोर्टासाठी कायदे झाले. आज चालतो तो मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा.

त्याची कक्षा लहान, पण शेतकऱ्याच्या जिवाशी भिडणारी. शेजाऱ्याने बांध घालून पाणी अडवलं, वहिवाटीची गाडीवाट चर खणून बंद केली, जमिनीचा ताबा बेकायदा हिसकावला, की सहा महिन्यांच्या आत इथे दावा लावायचा. ही मुदत चुकवून चालत नाही.

या कायद्यातलं आठवं आणि नववं कलम विशेष आहे. अर्ज दाव्याच्या नमुन्यात नसेल, तर मामलेदाराने अर्जदाराला इथे काय दाद मिळू शकते ते समजावून सांगायचं आणि त्याची इच्छा असल्यास तोच अर्ज दावा धरायचा. दाव्यात हवा तो तपशील नसेल, तर शपथेवर विचारपूस करायची आणि सांगितलेलं लिहून घ्यायचं. ते दाव्याचाच भाग धरलं जातं. निरक्षर कुळाला वकील परवडत नाही, म्हणून त्याची कैफियत न्याय देणाऱ्यानेच कागदावर उतरवावी, ही तरतूद आजही कौतुकाची वाटते. पुढे स्थळपाहणी होते. तलाठी गावनकाशा उघडतो, पंच बांधावर उभे राहतात, चर किती खोल, चाकोरी कुठवर दिसते, हे पंचनाम्यात येतं आणि त्याखाली सह्या-अंगठे होतात. वाट खरोखर जुनी आहे का, हे पुस्तकापेक्षा माती पाहून जास्त कळतं. तिथे पदवीची उणीव भासत नाही. उणीव भासते ती वेळेची: निवडणूक, पूर, पंचनामे, दाखले हे सगळं त्याच एका अधिकाऱ्याच्या माथी असतं, आणि वाटेच्या दाव्याला पुढची तारीख पडते. पेरणी मात्र तारखेसाठी थांबत नाही.

निकालावर अपील नाही. फेरतपासणी जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या प्रांताधिकाऱ्याकडे. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा येईपर्यंत मामलेदाराने दिलेला ताबा कायम राहतो.

फौजदारी बाजूला 1951 च्या मुंबई कायद्याने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे झाले. तरीही शांतता राखण्याचा बाँड घेणारी ‘चॅप्टर केस’ तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेच राहिली. ठाणे, कल्याण, डोंबिवली पोलीस आयुक्तालयात येत असल्याने ती इथे सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालते.

पदवीशिवाय न्यायासनावर बसण्याची ही वाट वरपर्यंतही गेली होती. 1967 मध्ये सरन्यायाधीश झालेले कैलासनाथ वांच्छू आयसीएसमधून आले होते. कायद्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

मामलेदाराच्या कोर्टाला पाणी आणि वाटेच्या दाव्यात शेती, चराई, झाडं किंवा पिकांची जमीन लागते. डोंबिवलीत भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, तसे दोन सोसायट्यांमधले वाटेचे वाद कल्याणच्या दिवाणी न्यायालयात जाऊ लागले. मुरबाड-शहापूरकडे मात्र शेतावर जाणारी वाट अडली, तर शेतकरी अजूनही तहसीलदाराकडेच अर्ज घेऊन जातो.