साहेबाच्या छायाचित्रातला आपला मुलूख

ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली, आणि त्याच १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. हा योगायोग खरा. पण पुढे आपल्या मुलखाचे जे रूप विलायतेला कळले, ते घडविण्यात या दोहोंचाही हात होता.

विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली इथल्या जातिजमातींवर दोन खंड काढले. दुसऱ्या खंडाचा विषय महाराष्ट्र. त्यातली पुष्कळशी चित्रे जोडकामाची आहेत. माणसांना एके ठिकाणी उभे करून टिपायचे, आणि मग त्यांच्या पाठीमागे भलतीकडचाच देखावा आणून बसवायचा! त्या काळी ओल्या काचेवर चित्र घ्यावे लागे. काच वाळण्याआधी ती धुवायची, म्हणजे अंधाराचा तंबूही बरोबर न्यायचा. तेव्हा सोयीचा भाग होताच, तो नाकारू नये. पण माणसामागे कोणता देखावा शोभेल, हे ठरविणारा त्या माणसाचा शेजारी नव्हता. शिवाय छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी त्या वेळी सर्वांची श्रद्धा! चित्रकाराच्या कुंचल्यावर कोणी शंका घेतली असती. काचेवर कोण घेणार?

बोरघाटाची कथा याहून कठोर आहे. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे हाही आपलाच इतिहास. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता पुढे चालविला आणि घाटातल्या कामाची छायाचित्रेही घेतली. बाई कर्तबगार, यात शंका नाही. ऐन भरात या घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो गेले. १८६३ साली घाट खुला झाला. अशा चित्रसंग्रहांचा नायक मात्र पूल, बोगदा आणि कातळ. मजुरांच्या पदरी नाव नाही, गावही नाही.

आपले लोक केवळ कॅमेऱ्यासमोरच उभे होते असे मात्र नव्हे. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळात होते आणि स्वतः छायाचित्रे काढीत.

अंबरनाथच्या देवळाकडे सरकारी कलाशाळेची मंडळी गेली ती १८६८ साली. शिल्पांची रेखाटने झाली, साचे घेतले गेले. सरकारला ते देऊळ प्राचीन अवशेष म्हणून हवे होते. आसपासच्या गावांना ते शिवरात्रीच्या जत्रेचे, जागत्या देवाचे होते. तिथल्या शिलालेखातला शक भाऊ दाजींनी ७८२ वाचला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा दुरुस्त केला, आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले.