हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेलं युद्ध

(वेळा कीव्हच्या. तेव्हा भारतातलं घड्याळ अडीच तास पुढे.)

१४ एप्रिल २०१७
युक्रेनमधल्या असंख्य कंपन्या करविवरणं भरण्यासाठी ‘एम.ई.डॉक’ हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या अपडेटमध्ये चोरदरवाजा घुसवला जातो. १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटमध्येही तो असतो.

२७ जून, सकाळी आठनंतर
युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागातले कर्नल माक्सिम शापोवाल कीव्हमध्ये कारबॉम्बने मारले जातात. उद्या संविधान दिनाची सुट्टी.

दुपारी १२.१२
अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरची मांडणी बदलते. ग्राहकांचे संगणक आता नकळत हल्लेखोरांच्या यंत्राशी बोलू लागतात.

दुपारी १.३०च्या सुमारास
‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम सुटतो. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटलेलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार त्यात आहे. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पण नॉटपेट्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्डही उचलतो आणि ते वापरून दुरुस्त केलेल्या शेजारच्या यंत्रांतही शिरतो. युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचं जाळं ४५ सेकंदांत कोसळतं. पडद्यावर डिस्क तपासणी चालू असल्याचा संदेश दिसतो. प्रत्यक्षात तेव्हाच फाइलींची सूची कुलूपबंद होत असते. मग ३०० डॉलरची मागणी. ही मागणीच खोटी आहे. पडद्यावरचा क्रमांक निव्वळ यादृच्छिक, त्यातून किल्ली निघूच शकत नाही. हेतू विध्वंसाचा, सोंग खंडणीचं. सर्वांत मोठा घाव बसला तो कायद्याने कर भरणाऱ्यांवर, आणि मला हीच गोष्ट सर्वांत संतापजनक वाटते.

दुपार
चेर्नोबिलमध्ये किरणोत्सर्गाची मोजणी माणसांना हाताने करावी लागते. कीव्ह मेट्रोत कार्ड चालत नाही. खंडणीसाठी दिलेला ईमेल पत्ता जर्मन सेवा पोस्टिओ बंद करते. आता पैसे भरणाऱ्यालाही हल्लेखोरांना गाठता येत नाही.

त्याच दुपारी, कोपनहेगन
मर्स्क या जहाज कंपनीच्या मुख्यालयात पडदे एकामागोमाग काळे होतात. जगभरातल्या तिच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांचं काम अडतं. पुढच्या दहा दिवसांत कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागतील.

रात्री १०.४६
हल्लेखोर आपल्या सर्व्हरवरचा माग शून्यं भरून पुसतात. तरी फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटन आणि अमेरिका रशियन लष्कराकडे बोट दाखवतील. अमेरिकेच्या अंदाजाने जगाचं नुकसान १० अब्ज डॉलरचं.

२८ जून, न्हावा शेवा
जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मर्स्क समूहाचं टर्मिनल. तिथली यंत्रणा बंद आहे, काम हाताने करायची धडपड चालू आहे. कंटेनर तुंबणार हे ओळखून बंदर प्रशासन ते ठेवायला जागा शोधतंय. उरणच्या रस्त्यावरच्या ट्रकचालकाचा पूर्व युक्रेनमधल्या डॉनबासच्या रशिया-युक्रेन लढाईशी काय संबंध? तरी त्या लढाईचा खोळंबा त्याच्याही वाट्याला आलाय.