पनवेलची चाके आणि पनवेलची औषधे

वाचकहो, पनवेल म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कळंबोलीचा द्रुतगती मार्ग, स्टेशनाबाहेरची रिक्षांची रांग, गणपतीत कोकणात निघालेल्या एस. टी. गाड्यांचा खोळंबा, आणि आता डोक्यावरून घरघरत जाणारी विमाने. नव्या धंद्यांच्या गोष्टी निघाल्या की मात्र कोणी पनवेलचे नाव घेत नाही. बंगळूरचे घेतात, पुण्याचे घेतात. ‘स्टार्टअप’ हा शब्द अलीकडे ज्याच्यात्याच्या तोंडी असतो. १६ जानेवारी २०१६ रोजी भारत सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, तेव्हापासून तर तो तालुक्याच्या गावीही रुळला. पण शब्द नवा म्हणून गोष्टही नवीच, असे थोडेच आहे? हाताशी बेताचे भांडवल, डोक्यात एक युक्ती, आणि लोकांची नड ओळखून ती भागविण्याची हिंमत, एवढ्यावर उभे राहिलेले धंदे पनवेलने फार पूर्वी पाहिले आहेत. त्यांतल्या दोन धंद्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. एक चाकांचा, दुसरा औषधांचा. एक मावळला आणि एक टिकला. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. कारण तोच प्रश्न आज पुन्हा पनवेलच्या दारात येऊन उभा आहे.

आधी चाकांची गोष्ट. पनवेल हे खाडीकाठचे गाव. पुण्याहून निघालेला माणूस बोरघाट उतरून येथे येई, आणि येथून पडावात बसून मुंबई गाठी. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला, आणि जो माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे तो गाड्यांतून उतरू लागला. आता घाट उतरताना चाकांची काय दशा होते, हे ज्याने गाडी हाकली असेल त्यालाच ठाऊक! आरे खिळखिळे होतात, लोखंडी धाव सैल पडते. गाडीवान पनवेलात माल उतरवी तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असत: बैलांना वैरण आणि गाडीला धड चाके. पनवेलच्या सुतार-लोहारांनी ही नड बरोबर हेरली. लाकडाचा तुंबा, त्यात बसविलेले आरे, आणि वर लोखंडाची धाव. ही धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे चाक घट्ट आवळून धरते. इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद पाहा. चाके बनविणे हाच ह्या शहराचा मुख्य धंदा असून दख्खनचा प्रत्येक गाडीवान परतताना चाकांची एक जोडी घेऊन जातो, असे त्यात नमूद आहे. ह्याहून चांगली जाहिरात ती कोणती?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण सहज म्हणून जातो की, आगगाडी आली आणि बैलगाडीचा धंदा बसला. तसे ते घडले नाही. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली धावली, बोरघाटातली रेल्वे १८६३ साली खुली झाली, आणि ती गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. तरीही चाकांची वरील नोंद आहे ती १९०८ सालच्या गॅझेटियरात! म्हणजे रेल्वे घाट चढून गेल्यावर पंचेचाळीस वर्षांनीही चाके खपत होती. रूळ जेथवर पोचले नव्हते, तेथवर बैलगाडीला मरण नव्हते. चाकांचा खप बसला तो पुढे मोटारी आल्यावर. कारागिरांचे कसब होते तसेच राहिले, चाकात काही खोट आली नाही; पण चाक मागणारा गाडीवानच रस्त्यावरून नाहीसा झाला. सारा धंदा एका रस्त्याच्या एका वाहनावर बेतलेला होता. वाहन बदलले, धंदा संपला.

आता दुसरी गोष्ट. १८७२ साली, म्हणजे रेल्वेने पनवेलला टाळून नऊ वर्षे झाल्यावर, कृष्णशास्त्री पुराणिक ह्या वैद्यांनी पनवेलात औषधांचा कारखाना काढला. त्याला नाव दिले ‘श्री धूतपापेश्वर’. राजापूरजवळ धोपेश्वर गावी धूतपापेश्वराचे प्रसिद्ध देवालय आहे. त्या देवाचे हे नाव. सालाकडे लक्ष द्या. कलकत्त्याचे डाबर निघाले १८८४ साली, केरळातील कोट्टक्कलची आर्य वैद्यशाळा १९०२ साली. पनवेलचा कारखाना ह्या दोघांहूनही जुना आहे.

तुम्ही म्हणाल, वैद्याने औषध तयार केले ह्यात नवल ते काय? नवल आहे. पूर्वी वैद्य नाडी पाही, आणि त्या रोग्यापुरते औषध आपल्याच घरी खलात घोटी. औषध आणि वैद्य ह्यांची फारकत नव्हती. वैद्य गावात नसला तर औषधही नाही! कारखाना काढणे म्हणजे ही जोडी सोडविणे. ज्याने रोगी पाहिला नाही त्याने औषध करायचे, आणि ज्याने ते केले नाही त्या वैद्याने ते रोग्याला द्यायचे. हे जमायचे तर तीन अडचणी सोडवाव्या लागतात. पहिली, वनस्पती दर खेपेस तीच आणि तशीच मिळाली पाहिजे. दुसरी, कृती दर खेपेस एकसारखी झाली पाहिजे. आजच्या हाताला गुण आला आणि उद्याच्या नाही, असे चालत नाही. तिसरी, औषध टिकले पाहिजे. शार्ङ्गधर संहितेत ह्याचा हिशेब आहे: चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गोळ्या व अवलेह वर्षभर चालतात, आणि आसवे, भस्मे व रसौषधी तर जुनी होतील तशी अधिक गुणी. दूरच्या गावी पाठवायच्या मालाला हे ज्ञान म्हणजे व्यापाराचे सूत्रच नव्हे काय?

शिवाय काळही अनुकूल झाला. १८७७ साली टपाल खात्याने व्ही. पी. ची सोय केली, १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली. पार्सल दारात आले की पैसे मोजायचे! आज आपण मोबाइलवर वस्तू मागवितो आणि ती हाती आल्यावर पैसे देतो, त्याची आजी ही व्ही. पी. च बरं का. अशा सोयींमुळे दूरच्या गिऱ्हाइकाला रस्त्यावर येण्याची गरज उरली नाही. माल त्याच्याकडे जाऊ लागला.

पण न पाहिलेल्या माणसाने केलेले औषध घ्यायचे कशाच्या भरवशावर? बाटलीवरच्या नावाच्या. मध्यवर्ती औषध कायदा झाला १९४० साली, आणि त्यात आयुर्वेदीय औषधांचे स्वतंत्र प्रकरण आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. म्हणजे कारखाना निघाल्यापासून बाण्णव वर्षे अशा औषधाच्या मागे नाव हीच मोठी जामीन. एक खेप बिघडली तर नाव जायचे, आणि नाव गेले की सारेच गेले. अर्थात कारखाना जुना म्हणून त्याचे प्रत्येक औषध प्रत्येक रोगावर रामबाण, असा ह्याचा अर्थ नव्हे. औषधाची पारख ज्याच्या त्याच्या गुणावर व्हावयाची. सांगावयाचे ते इतकेच की रस्ता बदलला, वाहन बदलले, राज्यही बदलले, आणि दीडशे वर्षांनंतरही तो कारखाना पनवेलात चालू आहे.

चाकवाल्यांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांचा धंदा सचोटीचा होता आणि त्यावर कित्येक घरे जगली. फरक एवढाच की, एकाने जाणाऱ्या-येणाऱ्याची नड भागविली. दुसऱ्याने अशी रीत बसविली की गिऱ्हाईक कोठेही असो, माल त्याच्यापर्यंत पोचावा आणि नावावर खपावा. आजचे तरुण ‘स्केल’ म्हणतात ते ह्याहून वेगळे नाही.

आता आजच्या पनवेलकडे या. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हे विसरता कामा नये. आज ह्या भागातील कित्येक घरांत जे भांडवल आहे, ते अशा किमतीला आलेले आहे.

आणि रस्ते तर पुन्हा पनवेललाच येऊन मिळाले. १९९८ साली मुंबईची उपनगरी गाडी येथवर आली, २००२ साली पुण्याचा द्रुतगती मार्ग पुरा झाला, २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उडू लागले. १८६३ साली टाळलेल्या गावाची ही केवढी परतफेड!

मग आता काय करावयाचे? सोपा मार्ग सर्वांना दिसतोच. भूखंड विकावा, चाळी बांधून भाडे खावे, विमानतळावर गाडी लावावी. ह्यात वाईट काही नाही. पण भूखंड एकदाच विकला जातो, आणि गाडी लावणे म्हणजे पुन्हा चाकांचाच धंदा. उद्या वाहन बदलले की संपला. तेव्हा ज्या घरात हा पैसा आला आहे, त्या घरातल्या मुलामुलींनो, त्यातला थोडा तरी अशा कामात घाला की जे पनवेलात तयार होईल आणि पनवेलच्या बाहेर मागितले जाईल. ते यंत्र असो, औषध असो, नाहीतर मोबाइलवरचे ॲप असो. काम काढण्यापूर्वी मनाला एकच प्रश्न विचारा: हा रस्ता उद्या दुसरीकडून गेला, तर माझे गिऱ्हाईक मला शोधत येईल का? कृष्णशास्त्र्यांनी कारखाना काढला तेव्हा रस्ता दुसरीकडूनच गेलेला होता.