शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडणे

भाषेत सांगितलेला संख्यांचा संबंध अक्षरे, अंक व चिन्हे यांत लिहिण्याची बीजगणितातील क्रिया. अज्ञात राशीला अक्षर द्यायचे, विधाने पदावलीत आणायची आणि कोणत्या दोन राशी समान आहेत ते ओळखायचे, असा तिचा क्रम आहे. समीकरण सोडवण्याच्या रीती ठरलेल्या आहेत, मांडण्याची तशी ठरीव रीत नाही. म्हणून खरे बीजगणित मांडणीतच आहे आणि शाळेत अधिक वेळ तिलाच मिळायला हवा.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात ही मांडणी पद्धतशीर शिकवली. त्यांच्या एका उदाहरणात एकाजवळ 6 घोडे व 300 रूपे आहेत, तर दुसऱ्याजवळ 10 घोडे पण 100 रूपांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? अज्ञाताला ‘यावत्तावत्’, ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत, आणि मांडणी अशी होई :

या 6 रू 300
या 10 रू 100

खालच्या 100 वर टिंब असे, ते ऋणाचे चिन्ह. बरोबरचे चिन्ह नव्हते. एकाखाली एक लिहिलेले दोन पक्ष समान धरायचे. दोन पक्षांतला फरक पाहता 4 घोड्यांचे 400, म्हणून एकाचे 100. अज्ञाते अनेक असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत.

मराठीत निमपट, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट हे शब्द सहगुणक तयारच देतात. चूक होते ती वजाबाकीत : ‘संख्येच्या तिपटीपेक्षा 5 ने कमी’ म्हणजे 3क्ष − 5, पण ‘5 मधून संख्येची तिप्पट वजा’ म्हणजे 5 − 3क्ष. वयाच्या उदाहरणात ‘5 वर्षांपूर्वी’ म्हटले की सगळ्यांच्याच वयातून 5 वजा करावे लागतात. अनेक मुले एकाच्याच वयातून करतात.

रोजच्या व्यवहारातले चांगले उदाहरण नवी मुंबईतल्या सीवूड्स स्थानकाबाहेरच्या रिक्षाचे. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर प्रदेशात लागू झालेल्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये व पुढे दर किलोमीटरला 17.14 रुपये. अंतर क किलोमीटर असेल तर घाईने लिहिले जाते 26 + 17.14क. ‘पुढे’ या शब्दाचे बीजगणित त्यात सुटते. बरोबर मांडणी अशी :

भाडे = 26 + 17.14(क − 1.5)

साडेतीन किलोमीटरला हिने 60.28 रुपये येतात, चुकीच्या मांडणीने 85.99, दीड किलोमीटरचे पैसे दोनदा धरले जातात. दीड किलोमीटरच्या आत भाडे 26 च राहते, म्हणून सूत्राशेजारी क ≥ 1.5 ही अट लिहावी लागते.